मीटरला लावलेलं कुंकू

लग्न होऊन मी सोलापूरला आले तेव्हा माझी तयारी पक्की होती. भाकरी थापायच्या, भांडी घासायची आणि सासूबाईंच्या टोमण्यांना मनातल्या मनात सणसणीत उत्तरं द्यायची. हे सगळं केलंच. पण हाताची मेंदीसुद्धा गेली नव्हती तोवर मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, माझ्यासमोर तांब्याच्या तारेचं रीळ आणि एक लाकडी साचा ठेवला आणि म्हणाले, "सूनबाई, ह्याच्यावर पन्नास वेढे घाल. एक्कावन्न न्हाय आन् एकोणपन्नास बी न्हाय."

मी घातले. त्यांनी नखानं एकेक मोजले. पन्नास भरले. "हात चांगला हाय की गं तुजा," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारची झोप गेली ती गेलीच.

आमचं पुढे दुकान, मागे घर. दुकानात जळक्या मोटारी यायच्या, लूमच्या म्हणजे यंत्रमागाच्या, पिठाच्या गिरणीच्या, विहिरीवरच्या. त्यांची जळकी तार उपसायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं, तपासून परत द्यायच्या. हे काम आमचे हे बघायचे, म्हणजे माझे यजमान. मामंजी बाहेरची कामं बघायचे. कुणाच्या लूमच्या शेडमध्ये काही बंद पडलं की माणूस सायकल हाणत यायचा, आणि मामंजी पिशवी उचलून निघायचे. पिशवीत पक्कड, पेचकस, काट्याचा जुना मीटर आणि टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प म्हणजे काय, तर होल्डरमध्ये एक बल्ब आणि होल्डरला दोन लांब वायरी. तारेला लावला की करंट असेल तर बल्ब पेटतो, नसेल तर नाही. बाकी काही त्याला येत नाही.

मामंजींचे नियम फार कडक. करंटच्या कामाला बसताना अंगठी काढायची. माझ्या काचेच्या बांगड्या चालायच्या, पण पाटल्या नाही. त्यावरून सासूबाईंनी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. एक हात कामाला, दुसरा पाठीशी. पायात रबरी चप्पल. हात कोरडे. आणि सगळ्यांत वरचा नियम त्यांनी मला इतक्या वेळा म्हणून दाखवला, की मी तो झोपेतही म्हणत असे, असं आमचे हे सांगायचे. जितं, मेलं, जितं. म्हणजे आधी जिथे करंट नक्की आहे अशा जित्या तारेला मीटर लावायचा. मग ज्या तारेला हात घालायचाय, ती मेलीय का बघायची. आणि परत एकदा जित्या तारेला लावायचा.

"एवढं तीनतीनदा कशाला?" मी एकदा विचारलं.

"तार मेलीय असं मीटर म्हनतो," ते म्हणाले, "पर मदल्यामदी मीटरच मेला असंल तर? तो मेला तरी शून्यच दाखवनार की. आन् मग तुजा नंबर."

मी नवीन होते तेव्हा ते मला काट्याच्या मीटरसमोर बसवायचे. "बघू, शिकलीस का. काटा कुटं हाय?" मी वाकून बघायची, "दोनशे वीसच्या जरा अलीकडं." "शाब्बास!" मी अशी फुलून जायची की विचारू नका. माहेरी मला कुणी कशाबद्दल शाब्बास म्हटलेलं आठवत नाही. चार-पाच महिने माझी रोज परीक्षा, रोज शाब्बास. मग एके दिवशी सकाळी सकाळी सासूबाईंशी माझं वाजलं. डोकं ठिकाणावर नव्हतं. मामंजींनी विचारलं, काटा कुटं हाय, आणि मी चिडून दोनशे वीसला एकशे वीस म्हणून मोकळी झाले.

"शाब्बास," मामंजी म्हणाले, आणि करंट कमी येतोय म्हणून दुकानाची वायरिंग उघडायला निघाले.

तेव्हा मला कळलं. परीक्षा वगैरे काही नव्हती. त्यांना काटा दिसतच नव्हता. मी मागून गेले आणि हळूच म्हटलं, "मामंजी, चुकलं माझं. दोनशे वीस हाय." ते स्टुलावर चढले होते, तिथेच थांबले. म्हणाले, "मोतीबिंदू हाय. अजून पिकला न्हाय म्हनत्यात. पिकला की काढतील." मग स्टुलावरून उतरले. "ह्याला सांगू नगं."

ह्याला म्हणजे आमच्या ह्यांना. त्याचं कारण होतं. वर्षभरापूर्वी मामंजींनी एका शेडमध्ये दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या आणि लूम उलटा फिरला होता. अख्ख्या पेठेत हसं झालं. तेव्हा आमचे हे म्हणाले होते, "आता वय झालं. परत असं काही झालं तर बाहेरची कामं बंद, घरी बसायचं." बोलणं तिथेच संपलं होतं, पण मामंजींच्या मनातून गेलं नव्हतं. "घरी बसून काय करू गं मी?" ते मला म्हणाले, "शेंगा निवडू?" त्यांचा चेहरा बघून मला इतकं वाईट वाटलं, की मी तिथल्या तिथे शपथ घेतली, कुणाला सांगणार नाही. त्या दिवसापासून कुठल्या ना कुठल्या निमित्तानं मी त्यांच्याबरोबर बाहेरच्या कामाला जाऊ लागले. सासूबाईंना सांगितलं, पिशवी जड असते.

पण किती दिवस? चारचौघांत मी काटा वाचणार, ते हो म्हणणार, हे कुणाच्या तरी लक्षात येणारच होतं. मला रोज भीती वाटायची.

आणि अशात नणंदेचे यजमान मस्कतहून आले. सत्तरचं दशक सरत आलं होतं, मस्कतहून आलेल्या माणसाला बघायला तेव्हा गल्ली लोटायची. सासूबाईंना साडी, मला अत्तर, ह्यांना घड्याळ. मामंजींना काय, तर एक करड्या रंगाची डबी. दोन वायरी, वायरींच्या टोकाला सुया. काटा नाहीच. पाहुण्यांनी सुया प्लगमध्ये घातल्या, बटण दाबलं, आणि खिडकीत लालभडक आकडे पेटले.

मामंजी हातभर लांब बसले होते. वाकले नाहीत. डोळे बारीक केले नाहीत. तिथूनच मोठ्यानं म्हणाले, "दोनशे... अठरा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. मला एकदम हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही यायला लागलं, आणि दोन्ही थांबेनात. "हिला काय झालं?" आमचे हे विचारत राहिले. अत्तर डोळ्यांत गेलं म्हणून सांगितलं.

त्यानंतरचे आठ दिवस आमच्या घराला वेड लागलं होतं. मामंजींनी काय म्हणून मोजायचं ठेवलं नाही. टॉर्चचे सेल मोजले. शेजारच्यांचे सेल मोजले. रेडिओतले सेल काढून मोजले, परत घातले, त्यात बातम्या बुडाल्या. लिंबात एक खिळा आणि एक तांब्याची तार खुपसली आणि लिंबात करंट आहे हे दाखवून सासूबाईंना गप्प केलं. त्या लिंबाचं मग सरबतही कुणाला करू देईनात. दुपारी पेठेतले सगळे लूम चालू झाले की आकडा उतरायचा, जेवायच्या सुट्टीत लूम थांबले की चढायचा. सासूबाई म्हणायच्या कशा, "किती झालं बगा हो." "एकशे नव्वद." "मग येळ हाय अजून." दोनशे तीस झालं की तवा ठेवायच्या. घड्याळ बघणं आमच्या घरातून उठलंच.

मग अंगातला करंट मोजण्याचं खूळ निघालं. खरं तर तो करंट नव्हे. मीटरचं बटण दुसरीकडे फिरवलं की दोन्ही सुया दोन हातांत धरायच्या, आणि आपलं अंग करंटला किती अडवतं ते आकड्यात दिसतं. मामंजी शंभरदा बजावायचे, ह्या वेळी मीटर प्लगच्या जवळसुद्धा न्यायचा नाही. पण गल्लीतल्या बायकांना त्याचं काय! रांग लागली. कुणाचा आकडा मोठा यावरून हसणं, चिडवणं, दोघींचं तर चक्क भांडण. आमच्या सासूबाई तशाच भांडी घासता घासता उठून आल्या, ओल्या हातानं सुया धरल्या, आणि सगळ्या गल्लीत त्यांचा आकडा लहान आला. त्यांचं तोंड असं उतरलं!

"अगं, हात वले हायत तुजे," मामंजी हसत म्हणाले. "वल्या अंगाला करंट कोन अडवनार? पुसून ये."

सासूबाई हात पुसून आल्या, पदरानं, चुलीवर शेकून, पुन्हा पुसून. आकडा मोठा आला. मग कुठे त्या दिवशी आमटी गोड लागली. पण खरं सांगते, ओल्या हातानं प्लगला हात लावू नये हे त्या दिवसापासून आमच्या गल्लीत कुणाला सांगावं लागलं नाही.

मामंजी त्या मीटरला फार जपायचे. काम झालं की बटण बंद, आठवणीनं. ते लाल आकडे सेल फार खायचे. दोन-चार दिवस काम नसलं तर सेल काढून ठेवायचे, फुटून आत पाणी झालं तर मीटर गेला. पुसायचं ते कोरड्या फडक्यानं. उन्हात ठेवायचा नाही, आणि सोलापूरच्या उन्हात तर दाराशीसुद्धा नाही. रोज सकाळी दोन्ही वायरी बोटांतून हळूहळू ओढत न्यायचे. डोळ्यांना न दिसणारी चीर बोटाला लागायची. आम्ही डोळसांनी बघून ठीक म्हटलेली एक वायर त्यांनी अशीच बाद केली होती.

एकदा आमच्या ह्यांनीच घोळ घातला. मीटरला खाली तीन भोकं. काळी वायर एकात कायमची. लाल वायर व्होल्टसाठी एकात, अँपिअर मोजायचे असतील तर तिसऱ्यात. ह्यांनी अँपिअर मोजले, लाल वायर तिथेच राहिली, आणि तशाच सुया प्लगमध्ये घातल्या. फट्ट! ठिणगी, धूर, आणि ह्यांचा चेहरा पांढराफटक. आतला फ्यूज उडाला म्हणून मीटर वाचला, माणूसही वाचला. ह्यांनी लगेच सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढली, फ्यूजला गुंडाळायला. मामंजी असे गरजले की समोरचा लूम थांबला. "चांदी लावतोस? तो फ्यूज आपल्यासाटी मेला. पुन्यास्नं दुसरा येईल तवर मीटर बंद!" आठ दिवस घरात सुतक. पण मनातून मामंजी खूष होते. नवव्या दिवशी फ्यूज बसवता बसवता ह्यांना म्हणाले, "वय झालं तुजं. आता घरी बस."

आम्ही सगळे किती हसलो! ह्यांनाही हसावं लागलं.

एवढ्या आनंदात एक गोष्ट मला खुपत होती. मामंजींनी जितं-मेलं-जितं सोडून दिलं होतं. आकडा आपला आपण वाचता येतो ह्याचाच त्यांना इतका हर्ष, की सुया टेकवल्या, आकडा बघितला, काम सुरू. मी दोनदा आठवण केली. "आकडा सोताच बोलतोय की," म्हणाले. तिसऱ्यांदा केली तर, "गप गं, तुला कुनी शिकीवलं?" मीही ताठ्यात म्हटलं, "तुमीच." ते हसले, पण ऐकलं नाही.

आणि खंडेनवमी आली.

त्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा. कामाला सुट्टी, अवजाराला हात लावायचा नाही. पाटांवर सगळं ओळीनं मांडलेलं, पक्कड, हातोडी, वेढ्यांचा साचा, काट्याचा मीटर, टेस्ट लॅम्प, आणि मधोमध नवा मीटर, झेंडूच्या माळेत. मामंजींनी प्रत्येकाला विभूतीचे पट्टे ओढले. हळदकुंकू लावायचं काम माझं. मला कुठे किती लावू असं झालं होतं. ज्या डबीनं माझ्या सासऱ्याला त्यांचं काम परत दिलं, तिला नुसतं एक बोट टेकवून मी कशी थांबणार? मी कुंकू पाण्यात चांगलं घट्ट कालवलं. मीटरची ती तीन भोकं, दोन वर आणि एक खाली. बघता बघता मला तिथे चेहराच दिसायला लागला. मग काय, दोन्ही डोळ्यांत काडीनं कुंकू भरलं, नाकात हळद. दाबून दाबून भरली. सासूबाई बघायला आल्या आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला म्हणाल्या, "लई छान दिसतंय गं." मी दिवसभर हवेत.

दसरा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळीच एका शेडचा माणूस आला. दोन लूम बंद, मोटार नुसती घुमतेय. मामंजींनी मीटर फडक्यानं वरून पुसला. वायरी खोचताना म्हणाले, "जरा घट्ट जातंय," आणि जोर देऊन खोचल्या. मी पिशवी घेतली. टेस्ट लॅम्प ते हल्ली घरीच ठेवायचे, तो पूजेच्या पाटावरच होता. मी उचलून पिशवीत टाकला. का टाकला, हे मला आजही सांगता येणार नाही. पूजेतलं सगळं एकत्र जावं असं वाटलं असेल.

शेडचे मालक तेलुगू बोलणारे, आपसात तेलुगू आणि आमच्याशी मराठी. घरच्या बायका एकीकडे चादरींच्या दशा वळत बसलेल्या. अर्धी शेड चालू होती, अर्धी बंद. मामंजींनी बंद बाजूच्या मेन स्विचचा दांडा खाली ओढला. अंगठी काढून माझ्या हातात दिली. मोटार चालू करायच्या स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडलं. काळी सुई पेटीच्या पत्र्याला, लाल सुई पहिल्या तारेला. "शून्य." दुसरीला. "शून्य." तिसरीला. "शून्य." मोठ्या रुबाबात म्हणत होते, मालकांना ऐकू जाईल असं.

मी आकड्याकडे बघत होते. तीन शून्यं, अगदी ठाम. आणि मला कसंतरी झालं. एरवी बंद तारेलाही, शेजारी लूम चालू असले की शेवटचा आकडा जरा तरी थरथरायचा. आज हलत नव्हता.

"मामंजी, जितं कुटं बघितलं?"

"स्विच बंद हाय की."

"आधी जितं बघा."

"गप म्हनलं की!" मालक आणि बायका बघत होत्या. मामंजींना सुनेनं चारचौघांत शिकवलेलं चालणार नव्हतं. त्यांनी सुया बाजूला टाकल्या आणि उजवा हात पुढे केला.

मी त्यांचं मनगट धरलं.

सुनेनं सासऱ्याचा हात धरला, तेही परक्यांच्या शेडमध्ये! दशा वळणाऱ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. मामंजी माझ्याकडे असे बघायला लागले, की मला वाटलं आता मुस्काटात बसते. बसली असती तरी मी सोडणार नव्हते.  "मारा हवं तर," मी म्हटलं, "पर आधी जितं बघा."

मी दुसऱ्या हातानं मीटर आणि सुया उचलल्या आणि त्यांना चालू बाजूच्या बोर्डाकडे ओढत नेलं. डोक्यावर बल्ब लखलखीत पेटलेला. मीटर खाली ठेवून त्याच बोर्डावरच्या प्लगमध्ये एका हातानंच एकेक सुई घातली. तीन शून्यं. बल्ब पेटलेला, लूम खडाखट चाललेले, आणि मीटर म्हणतोय, कुठे काही नाही.

मामंजींनी मनगट सोडवून घेतलं नाही. मीच सोडलं. त्यांनी पिशवीत हात घातला, टेस्ट लॅम्प चाचपून काढला. त्याची एक वायर पत्र्याला लावली, दुसरी स्टार्टरच्या पहिल्या तारेला. काही नाही. दुसरीला. काही नाही. तिसरीला टेकवली आणि बल्ब भक्कन पेटला. स्विचचा दांडा खाली होता, पण आतलं एक पातं तुटून वरच अडकलेलं होतं. त्याच तारेकडे मामंजींचा हात चालला होता.

मालकांच्या तोंडून तेलुगूत काहीतरी निघालं. मामंजी सुताच्या पोत्यावर बसले. मी जमिनीवरच बसले. कुणीतरी पाणी आणलं.

मामंजींनी मीटर मांडीवर घेतला, लाल वायर जोर लावून उपटली, आणि बोटाला लागलेलं लाल काहीतरी डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. "हे काय? रगत?"

"कुंकू हाय, मामंजी."

"कुंकू?"

"मी भरलं. पूजेत. ती भोकं... मला चेहरा दिसला. त्याला डोळे केले होते मी." आणि मी ढसाढसा रडायला लागले. मीच त्यांना मारायला निघाले होते. हौसेनं, काडीनं दाबून दाबून.

 मामंजींचं पोट हलायला लागलं. मला वाटलं रडतायत. हसत होते. हसता हसता पोत्यावरून घसरले. "मला दिसंना," ते मोठ्यानं म्हणाले, शेडमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मला काटा दिसंना म्हून हिनं मीटरला डोळे केले! आन् वर त्यात कुंकू भरलं!" मालक हसायला लागले, बायका हसायला लागल्या, मी रडत रडत हसायला लागले. कुणालाच आवरेना. मरणाच्या इतकं जवळून गेल्यावर माणसाला असं हसू येतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी आपलं गुपित आपल्या तोंडानं फोडलं, हे मात्र माझ्या बरंच उशिरा लक्षात आलं.

काम त्यांनी पुरं केलं. अख्ख्या शेडचा करंट मागून तोडायला लावला. तोडण्याआधी लॅम्प पेटवून बघितला, तोडल्यावर तिन्ही तारांना लावून बघितला, आणि शेजारच्या घरातल्या प्लगवर परत पेटवून बघितला. दर वेळी पोरांना पाढे म्हणायला लावावेत तसं मला मोठ्यानं म्हणायला लावलं. जितं. मेलं. जितं.

घरी येता येता मी मनाशी ठरवलं होतं, ह्यांना सांगायचं की सगळी चूक माझी, कुंकवाची. मामंजींचं बाहेर जाणं बंद व्हायला नको. मी तोंड उघडलंही. मामंजींनी मला हातानं थांबवलं आणि आमच्या ह्यांच्यासमोर जाऊन बसले.

"कुंकू हिनं भरलं," ते म्हणाले, "पर आधी जितं बघायचं मी सोडलं. आन् डोळं माजं गेल्यात. दोन वर्सं झाली. लूम उलटा फिरला तवाच गेलते."

 सासूबाई दारात पिठाच्या हातानं उभ्या. मामंजींचा आवाज जरा बारीक झाला. "तू म्हनला होतास, परत चूक झाली तर घरी बसायचं. आता तू सांग."

मी ह्यांच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलतील आणि सगळं संपेल. त्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली. मग मीटर उचलला, काडीला कापूस गुंडाळला, बाटलीतलं स्पिरिट घेतलं आणि पहिल्या भोकातलं कुंकू काढायला लागले.

"एकट्यानं जानं बंद," ते मान वर न करता म्हणाले. "मीटर हिच्या हातात. तुमी शेजारी. ती 'जितं, मेलं, जितं' म्हनल्याबिगर हात घालायचा न्हाय."

"घालत न्हाय," मामंजी लहान पोरासारखे चटकन म्हणाले.

तीन वेळा स्पिरिट लागलं. हळद तर निघता निघेना. मीटर सुकवून प्लगला लावला तेव्हा लाल आकडे पेटले आणि आम्ही चौघंही एकदम ओरडलो, "दोनशे बारा!" सासूबाईंनासुद्धा आकडा वाचता यायला लागला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी मोतीबिंदू पिकला, काढला, जाड भिंगाचा चष्मा आला. तरी मीटर माझ्या हातातून त्यांनी परत घेतला नाही. त्या खंडेनवमीला सगळं परत पाटावर मांडलं, माळा घातल्या. मी हळदकुंकवाचं तबक घेऊन खाली बसले तर मामंजी म्हणाले, "थांब. ते हिकडं दे." तबक त्यांनी सासूबाईंच्या हातात दिलं. "आधी सूनबाईला लाव. मग अवजारं."

सासूबाई चकित झाल्या. मीही झाले. अवजारांच्या आधी कुणाला कुंकू लागल्याचं आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. मी पदर सावरून कपाळ पुढे केलं. सासूबाईंनी कुंकवात बोट बुडवलं.

"पर कपाळालाच लाव हं," मामंजी चष्म्यातून रोखून बघत म्हणाले. "डोळ्यांत न्हाय."